इपॉक्सी की पीयू? गाडीच्या पत्र्याला कुठला प्रायमर

गोव्यात गाडी घरी रंगवायची तर आधी खाऱ्या हवेशी गाठ. मांडवीकाठी पत्रा घासून रात्रभर उघडा ठेवला, तर सकाळी बोट फिरवलं की तांबूस लागतं. म्हणून उघड्या पत्र्यावर मी त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, मारतो. तो पत्रा घट्ट धरतो, ओल आत शिरू देत नाही. साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमर स्वस्त खरा, पण ओलावा पितो. इपॉक्सीची कटकट एकच: सुकायला वेळ लागतो. घाईने घासला तर पॉलिश पेपरवर गोळे धरतात.

पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेन प्रायमरचं, काम वेगळं. थर जाड बसतो, पुट्टीवरचे ओरखडे भरतात, घासताना कोरडी पावडर सुटते. वरून काळ्या स्प्रेची हलकी फवारणी करून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. काळं राहिलं तिथे खड्डा आहे असं समजा. मात्र पीयूच्या हार्डनरमध्ये, म्हणजे तो कडक व्हायला मिसळतात त्या द्रवात, आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, कापडी मास्क बांधून भागत नाही.

जुना रंग शाबूत असेल तर पीयू पुरे. दारांच्या खालच्या कडांना आधी इपॉक्सी, मग वर पीयू. आणि जून ते सप्टेंबर दोन्ही डबे बंदच बरे.