पडद्यांसाठी लाकडी ठसा की स्टेन्सिल?

पडदे आणि उशांचे अभ्रे विकत न आणता घरीच रंगवायचे, इथवर तुमचं ठरलं असेल, तर पुढचा प्रश्न येतो तो ठसे आणायचे की स्टेन्सिल, म्हणजे नक्षीच्या आकाराची भोकं असलेली शीट, कापायची. रत्नागिरीच्या आमच्या घरात दोन्ही प्रकारचे पडदे लटकतायत. ब्रशने थेट काढणाऱ्यांना मी काय सांगणार. ज्यांचा हात तसा चालतो त्यांना हे वाचायची गरज नाही.

कापड दोन्हीला मांजरपाटच. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढलीत की झालं. खळ राहिली तर रंग वरवर बसतो. रंग नेहमीचा अ‍ॅक्रिलिक फॅब्रिक कलर.

दिसायला ठसा उजवा, यात वाद नाही. गुजरातेत पेथापूरचे कारागीर सागवानावर जी बारीक नक्षी कोरतात ती स्टेन्सिलमध्ये येतच नाही. स्टेन्सिलला प्रत्येक तुकडा शेजारच्याला जोडलेला ठेवावा लागतो, नाहीतर मधला भाग गळून पडतो. वेगही ठशाचाच. टेबलावर जुन्या चादरींच्या घड्या, ट्रेमध्ये रंग प्यायलेला स्पंज; टेकवा, मुठीने एक ठोका द्या, पुढे सरका. घरच्यांची वामकुक्षी आटपेपर्यंत एक पडदा हातावेगळा होतो. एखादी छाप फिकी उठली तर तीही खुलून दिसते.

घोडं अडतं ते ठसा धुताना. अ‍ॅक्रिलिक रंग खाचांमध्ये बघता बघता सुकतो आणि सुकला की पाण्याला दाद देत नाही. म्हणजे काम संपल्यावरच नव्हे, मधेमधेही जुन्या टूथब्रशने घासत बसा. घासायचं तर पाणी आलं, पाण्याने लाकूड फुगतं, आणि आपल्याकडे ते धड वाळत नाही. राजस्थानात सांगानेर-बगरूच्या कोरड्या हवेत ठसे पिढ्यान्‌पिढ्या चालत असतील. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनमध्ये फडताळात ठेवलेले माझे ठसे गणपतीच्या तोंडावर काढले, तर खाचांत पांढरी बुरशी आणि मोठ्या ठशाला बाक. कडा उमटतात, मधलं फूल कोरं. तेल लावून ठेवा म्हणतात. तेही केलं, पण मग पुढच्या खेपेला सुरुवातीच्या छापांवर तेलाचे डाग. तेव्हापासून ठसे शोकेसमध्ये आहेत. छान दिसतात.

स्टेन्सिलची कटकट म्हणजे कडेखालून रंग पसरतो. तिला मात्र इलाज आहे. रंगात पाणी घालायचं नाही, ब्रश आधी वर्तमानपत्रावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा, आणि उभा धरून थोपटायचा; फिरवला की पसरलाच. मी जुन्या एक्स-रे फिल्मवर कटरने माडाची झावळी कापली. झावळीची पाती मुळातच सुटी सुटी, त्यामुळे जोड लपवायचा प्रश्न नाही. काम झालं की फिल्म नळाखाली धरायची आणि चिमटा लावून दांडीवर टांगायची. तिला ना बुरशी, ना बाक.

वेळ मात्र खाते, हे मान्य. अख्खा पडदा भरायला घेतलात तर मनगट बोलायला लागतं. म्हणून मी खाली फक्त वीतभर काठ करतो, वरचं कापड कोरं. माझ्या मते ते जास्त बरं दिसतं, पण ही आवड झाली.

रंग पूर्ण सुकला की उलट्या बाजूने कोरडी इस्त्री दोन्हीला लागते. त्यानंतर पाणी लागू न देण्याची मुदत बाटलीवर असते, साधारण 72 तास. श्रावणात त्यात एखादा दिवस मिळवा.

तुमचा होमस्टे असेल, खिडक्या पुष्कळ असतील आणि सगळं मे महिन्यातच उरकणार असाल, तर ठसा घ्या, पण तळहाताहून लहान. मोठाच आधी वाकतो. घरापुरतं करायचं असेल तर मी तरी कटर आणि फिल्मच घेईन. एक्स-रे आता मोबाईलवरच येतो म्हणून घरात फिल्म सापडली नाही, तर स्टेशनरीच्या दुकानातली जाड ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, चालते.