पहिला जुना कॉम्प्युटर कोणता घ्यावा: स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ की बीबीसी मायक्रो?

जुने घरगुती कॉम्प्युटर जमवायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "यातला भारी कोणता?" ते भांडण चाळीस वर्षं चालू आहे, चालू राहो. विकत घेणाऱ्याने वेगळाच प्रश्न विचारावा: कुणाचं दुखणं मला निस्तरता येईल? चाळिशी उलटलेल्या प्रत्येक यंत्राला काही ना काही झालेलं असतंच, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. इथे तीनच घेतो: सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ (दोन्ही १९८२चे) आणि एकॉर्नचा बीबीसी मायक्रो (१९८१).

बटण दाबण्याआधी

कमोडोरच्या बाबतीत यंत्रापेक्षा त्याच्या अडॅप्टरला भ्यावं. बऱ्याच अडॅप्टरांत इपॉक्सी (घट्ट होणारं राळेसारखं रसायन) ओतलेलं असतं, त्यामुळे उघडून दुरुस्त करायची सोय नाही. आतला व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर थकला की ५ व्होल्टच्या जागी जास्त सोडायला लागतो आणि रॅमच्या चिप्स जातात. मल्टिमीटर लावून बघाल, पण थंड असताना शहाण्यासारखा वागणारा अडॅप्टर तापल्यावर रंग दाखवू शकतो. जुना अडॅप्टर शोभेला ठेवा, चालवायला नवा घ्या.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, पण त्याच्या पिनेचं आतलं टोक ऋण असतं. आजच्या बहुतेक अडॅप्टरांचं आतलं टोक धन. पिन बसली म्हणून चालेल असं समजणाऱ्यांनी कितीतरी स्पेक्ट्रम मारले आहेत. शिवाय त्याच्या खालच्या १६ केबी रॅममधल्या ४११६ चिप्सना +५, +१२ आणि −५ व्होल्ट असे तीन दाब लागतात. यातला −५ हरवला की त्या चिप्सही फार काळ टिकत नाहीत.

बीबीसीचा पॉवर सप्लाय पोटातच असतो. त्यात रिफा कंपनीचे पिवळसर, पारदर्शक कवचाचे कपॅसिटर सापडतात. कवचाला बारीक तडे जातात, दमट हवा आत शिरते, आणि एक दिवस सगळं छान चालू असताना फट् आवाज होऊन खोलीभर धूर होतो. माझ्याकडे हे झालं तेव्हा मी यंत्र मेलं असं समजून हळहळत बसलो. कपॅसिटर बदलल्यावर ते जणू काही झालंच नव्हतं अशा थाटात उठलं. घेतल्या घेतल्या ते बदलून टाका. मात्र तिथे थेट घरातली वीज येते, तेव्हा हात बसलेला नसेल तर जाणकाराकडून करून घ्या.

ओळख पटवताना

या छंदात माणूस फसतो तो इथे. कवच दोन-चार स्क्रूंनी निघतं आणि चाळीस वर्षांत कुणी काय कशात बसवलंय याचा नेम नसतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

पहिल्या आवृत्तीच्या स्पेक्ट्रमच्या रबरी कळा फिक्या राखाडी, पुढच्यांच्या निळसर राखाडी. पण कळांची ती रबरी चादर सहज बदलता येते. खरी खूण बोर्डवर छापलेला आवृत्ती क्रमांक. पहिल्या आवृत्तीत एक चिप उलटी, पाय वर करून जोडलेली असते. मुख्य चिपमधली चूक झाकायला केलेलं ते ठिगळ, आणि जाणकार त्याला मेलेलं झुरळच म्हणतात. १६ की ४८ केबी, हे पाहायला बेसिक भाषेतली एक ओळ पुरते: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ (PRINT PEEK 23732 + 256 * PEEK 23733). उत्तर ६५५३५ आलं तर ४८ केबी, ३२७६७ आलं तर १६. गंमत अशी की वरची रॅम गेलेला ४८ केबीचा स्पेक्ट्रमही ३२७६७च सांगू शकतो, कारण सुरू होताना तो रॅम तपासतो आणि बिघाड लागला तिथेच मोजणी थांबवतो.

कमोडोरचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. जाडजूड तपकिरी कवच म्हणजे जुना आणि चपटं फिकं कवच म्हणजे नवा, हे अर्धसत्य. चपट्या कवचात जुना लांब बोर्ड निघतो, जाड कवचात नवा आखूडही निघतो. मागच्या बाजूला चित्र-आवाजासाठी आठऐवजी पाच पिनांचं सॉकेट असेल तर बोर्ड अगदी सुरुवातीचा. आवाजाच्या एसआयडी चिपचे प्रकार दोन: ६५८१ला १२ व्होल्ट लागतात, ८५८०ला ९. अदलाबदल करायला जाऊ नका. कान तयार असेल तर न उघडताही अंदाज येतो. काही गेममध्ये आवाजाची पातळी वरखाली करून माणसाचं बोलणं वाजवलंय, ते ६५८१वर ठणठणीत आणि ८५८०वर जेमतेम ऐकू येतं. सुटी एसआयडी घेताना जपून, जुना छाप पुसून नवा मारलेल्या चिप्स बाजारात फिरतात.

बीबीसी त्या मानाने सरळ. ए मॉडेल १६ केबीचं, बी ३२ केबीचं. बोर्ड एकच, ए मध्ये काही जागा रिकाम्या. कित्येकांनी त्या नंतर भरून घेतल्या, त्यामुळे तळाच्या चिठ्ठीपेक्षा सुरू होताना पडद्यावर येणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवा.

वापरताना

टंकायचं असेल तर बीबीसीला तोड नाही. कमोडोरचा कीबोर्ड ठीक. स्पेक्ट्रमच्या रबराखालचा पातळ पडदा जुना होऊन ठिसूळ होतो, कवच उघडताना त्याच्या पट्ट्या तुटतात. नवे पडदे मिळतात, म्हणून घाबरायचं कारण नाही.

चित्र आणि आवाजात कमोडोर पुढे: १६ रंग, आठ स्प्राइट (पडद्यावर स्वतंत्रपणे हलणारी छोटी चित्रं), एका वेळी तीन स्वर. स्पेक्ट्रममध्ये ८×८ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग, त्यामुळे पळणारा नायक मागच्या झाडाचा रंग अंगाला फासून घेतो. मला ते आवडतं, तुम्हाला आवडेलच असं नाही. बीबीसीचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचा, कमोडोरच्या जवळजवळ दुप्पट वेगाचा, पण ३२ केबीतले २० केबी काही चित्र-मोडमध्ये एकटा स्क्रीनच खातो. तरी जोडणीच्या सोयी इतक्या, की १९८५ मध्ये पहिली एआरएम चिप (आजच्या मोबाइलांतल्या प्रोसेसरांची पूर्वज) चालवून पाहिली ती याच यंत्राला जोडून.

तर मग?

उघडून बघायची, प्रोग्रॅम लिहायची हौस असेल तर बीबीसी घ्या. मोठ्या चिप्स बहुतेक सॉकेटमध्ये बसवलेल्या, त्यामुळे शिकणाऱ्याच्या चुका तो पोटात घालतो. फक्त टेबलावरची बरीच जागा खातो. नुसतं खेळायचं असेल तर कमोडोर, नव्या अडॅप्टरसकट. स्पेक्ट्रम मी दुसऱ्या खरेदीसाठी राखून ठेवेन, सोल्डरिंगला हात बसल्यावर. मोह आवरणारच नसेल तर विकणाऱ्याकडून त्या पीकच्या ओळीचं उत्तर दिसणारा पडद्याचा फोटो मागवा. "तपासलेला नाही" असं उत्तर आलं, तर तो बंद आहे असं धरूनच भाव करा.