लाकडाची भट्टी: खालची हवा की वरची?

थंड देशांत घर तापवणाऱ्या लाकडाच्या भट्टीला बहुधा हवेच्या दोन वाटा असतात. खालची हवा जाळीतून थेट निखाऱ्यांना मिळते. पेटवताना तीच हवी; आपल्या बंबाचं राखेचं तोंड मोकळं ठेवतो, तसंच. पण ती तशीच सोडली तर लाकूड भसाभस जळतं आणि बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाते.

वरची हवा ज्वाळांना मिळते, आणि माझा कौल तिलाच. लाकडाची निम्म्याहून जास्त ऊर्जा त्यातून सुटणाऱ्या वायूंत असते. ते नीट जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि ताजा प्राणवायू लागतो. नाही मिळाला तर तेच वायू धूर होऊन निसटतात. रात्रभर आग टिकावी म्हणून दोन्ही झडपा आवळणं तर घातकच! लाकूड धुमसतं, थंड धुराड्यात डांबरासारखा क्रिओसोट साचतो आणि पुढे तोच पेट घेतो.

म्हणून आग धरली की खालची झडप हळूहळू कमी करा, वरची उघडी ठेवा. धुराड्यावर धूर जवळजवळ दिसेनासा झाला, की जमलं. लाकूड मात्र सुकं हवं, ओल २० टक्क्यांच्या आत.