रेशमाच्या भावात व्हिस्कोज: कुशादासीच्या सहलीतला गालिचा

ग्रीस-तुर्कस्तानच्या क्रूझमध्ये कुशादासी बंदर शेवटच्या दोन-तीन दिवसांत येत असेल, तर तिकडच्या खरेदीबद्दल आधीच ठरवून ठेवा. तोवर खर्चाचा हिशेब सैल झालेला असतो, ‘परत कधी येणार इकडे’ हे मनात घोळत असतं, आणि लगेच जहाज सोडायचं असल्यामुळे मालात खोट निघाली तरी जाब विचारायला परतता येत नाही. दुकानदाराला तुमचं वेळापत्रक पाठ असतं.

सहल एफेसस या प्राचीन शहराची आणि आसपासच्या खेड्यांची. बंदरापासून एफेससचे अवशेष साधारण २० किलोमीटर. एफेससला लागून असलेल्या सेल्चुक गावापासून आठेक किलोमीटरवर डोंगरात शिरिंजे गाव: जुनी ग्रीक घरं, ऑलिव्हच्या बागा, फळांची वाइन. गाव खरंच पाहण्यासारखं आहे. पण कार्यक्रमपत्रिकेत तळाशी ‘गालिचा विणण्याचं प्रात्यक्षिक’ अशी ओळ दिसली, की समजा, बस दुकानात थांबणार. गाइडला तिथल्या विक्रीवर कमिशन असतं.

प्रात्यक्षिक प्रामाणिक असतं. गरम पाण्यातल्या कोशांवरून तंतू उचलतात, मागावरची बाई दुहेरी गाठ मारून दाखवते. मग सफरचंदाचा चहा येतो, पोरं गालिचे गरकन फिरवून पायाशी अंथरतात आणि जोडप्याजोडप्याला वेगळ्या खोलीत नेतात. सांगितलेली किंमत अर्ध्यावर येते, ‘ही सरकारमान्य सहकारी संस्था आहे’ असंही कानावर पडतं. डोळ्यांसमोर खरं रेशीम निघालेलं असतं, म्हणून पुढे आलेला गालिचाही रेशमीच, असं आपण धरून चालतो. खोट नेमकी इथेच.

कारण तो बऱ्याचदा ‘फ्लोश’ असतो, म्हणजे व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा) किंवा मर्सराइज्ड (रासायनिक प्रक्रियेने चकाकी आणलेलं) सूत. झळाळी रेशमासारखी, स्पर्शही गुळगुळीत. मात्र व्हिस्कोज ओलं झालं की कमकुवत होतं; एकदा पाणी सांडलं तरी लव, म्हणजे गाठींची वर उभी राहिलेली टोकं, बसते, डाग पिवळा पडतो. पैठणी घेताना धागा जाळून बघणाऱ्यांना इथली परीक्षा नवी नाही. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की ते विझतं आणि बोटांत चुरडणारा काळा मणी उरतो. व्हिस्कोज आणि सूत कागदासारखं जळत राहतं, राख मऊ, राखाडी. दुकानदार हौसेने झालरीचा धागा तोडून देतो. तो घेऊ नका. झालर म्हणजे ताण्याची, मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांची, टोकं. ताणा रेशमी आणि वरची लव व्हिस्कोजची असू शकते. धागा लवेतलाच मागा. नाही म्हणाला, तर चहा संपवा आणि उठा.

‘हेरेके’ या, रेशमी गालिच्यांसाठी प्रसिद्ध तुर्की गावाच्या नावालाही भुलू नका. अस्सल हेरेके रेशमी गालिच्यात एका सेंटिमीटरला उभ्या-आडव्या दहा-दहा गाठी असतात, म्हणजे चौरस मीटरला १० लाख. एवढं काम हाताने करायला अनेक महिने लागतात, त्यामुळे ते अर्ध्या किमतीत सुटत नाही. गालिचा उलटा करून पट्टीने गाठी मोजा. कोपऱ्यात विणलेली ‘हेरेके’ ही सही पुरावा नाही. चीनमध्ये विणलेल्या मालावरही ती असते.

एफेससच्या दाराशी ‘प्राचीन’ नाणी विकणारे भेटतील. नाणं खोटं असेल तर पैसे गेले. खरं असेल तर ते देशाबाहेर नेणं तुर्की कायद्यानुसार गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो.

घरपोच पाठवण्याचं आश्वासन शक्यतो नाकारा. छोटा रेशमी गालिचा घडी घालून बॅगेत मावतो. पाठवायचाच असेल, तर मागच्या बाजूचा पट्टीसकट फोटो काढा. दुकानदार गालिच्याच्या मागच्या बाजूवर तुमची सही घेतात ती तुम्हाला धीर देण्यासाठी. फोटो नसेल तर तिचा उपयोग नाही. ‘कस्टमचं आम्ही बघतो’ यावरही जाऊ नका. मागाहून कुरिअरने आलेल्या वस्तूला प्रवाशाच्या सामानाची करमाफी लागू होत नाही, भारतात ड्यूटी तुम्हालाच भरावी लागते.

कार्ड घासताना यंत्र ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असं विचारेल. रुपये निवडलेत की दर त्या यंत्राचा, आणि तो महाग पडतो.

जहाज सोडायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. बिल आणि कार्डची पावती त्यांत जाऊ देऊ नका, हातातल्या पिशवीत ठेवा. सहल जहाजाकडून घेतली असेल, तर तक्रार त्याच रात्री रिसेप्शनवर लेखी द्या आणि प्रत घ्या.

बँकेकडे व्यवहाराला हरकत घेण्याची मुदत साधारण १२० दिवस असते, पण हरकत टिकते ती बिलावरच्या शब्दांवर. ‘लव आणि ताणा १०० टक्के रेशीम’, गाठींची संख्या, माप आणि विणल्याचं ठिकाण, हे दुकानदाराच्या अक्षरात आणि शिक्क्यासह लिहून घ्या. नुसतं ‘गालिचा, १ नग’ एवढंच असेल, तर बँकेपुढे ठेवायला काहीच उरत नाही.