गावच्या वाचनालयातलं खालचं कपाट

तुमच्या घरात तीन ते आठ वर्षांचं पोर असेल आणि गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर आधी तिथं जा आणि बालविभागाचं कपाट उघडून दाखवा असं सांगा, माझं हे सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी जळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात राहते. उन्हाळ्यात इकडे काय होतं ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, पारा 44-45 ला जातो, दुपारी बारा ते पाच बाहेर पाय ठेवता येत नाही, कूलर लावून सगळे घरात आणि पोरगी घरात म्हणजे हातात मोबाईल. लेक साडेचार वर्षांची. मे महिन्यात मिस्टरांची कादंबरी परत करायला वाचनालयात गेले तेव्हा ती सोबत होती, देवघेवच्या काउंटरला लटकून कंटाळली, तर ग्रंथपाल काका म्हणाले, "ताई, पोरीला त्या कोपऱ्यातलं कपाट दाखवा, चावी देतो." दहा वर्षं मी या वाचनालयाची सभासद आहे आणि त्या कपाटात काय आहे ते मला माहीतच नव्हतं.

वरच्या चार फळ्यांवर नेहमीचंच, थोरांची चरित्रं, बोधकथा, सामान्यज्ञान, परीक्षांची पुस्तकं. खालच्या दोन फळ्यांवर चित्रांची पुस्तकं. पातळ पुस्तकं उभी राहत नाहीत म्हणून आडवी रचून ठेवलेली, त्यामुळे वरचं एकच दिसतं आणि खालची वीस दिसतच नाहीत. आम्ही दोघी फरशीवरच बसलो आणि एकेक काढत गेलो. मोजली तर 63 निघाली. त्यातली निम्मी तरी अशी की दाखल होऊन कितीतरी वर्षं झालेली आणि मागं चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर एकच शिक्का, काहींवर तोही नाही.

आता त्यात काय काय होतं ते सांगते, कारण शोधायचं म्हटलं तर नावं माहीत पाहिजेत. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली बरीच होती, ही सरकारी संस्था 1957 पासूनची, पुस्तकं स्वस्त, आणि तीच चित्रं घेऊन वेगवेगळ्या भारतीय भाषांत निघतात, त्यामुळे लहान गावच्या वाचनालयात हमखास सापडतात. प्रथम बुक्सची होती, ही 2004 मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था, यांच्या पुस्तकांवर वाचनाची पातळी छापलेली असते, पातळी 1 म्हणजे नुकतं वाचायला लागलेलं पोर, असं चारपर्यंत, आईबापाला निवडायला फार सोपं जातं. आणि ज्योत्स्ना प्रकाशनची, त्यात माधुरी पुरंदरेंची पुस्तकं. त्या स्वतःच लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, म्हणून शब्द एक सांगतायत आणि चित्र दुसरंच असं होत नाही. त्यांच्या चित्रांतली घरं बघून लेक म्हणाली, हे आपल्यासारखं आहे. दोरीवर वाळत घातलेले कपडे, दाराशी चपला, आजी खाली मांडी घालून बसलेली. ही पुस्तकं मी 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन झालं तेव्हा हातात घेऊन पाहिली होती, पण तेव्हा पोरगी लहान म्हणून ठेवून दिली, त्याची रुखरुख होती. तीच इथं आमच्या गावात, घरापासून दहा मिनिटांवर, कुलपात.

पण मला खरं सांगायचंय ते एका अगदी साध्या पुस्तकाबद्दल. त्यात शब्दच नव्हते. नुसती चित्रं, एक शेळी बाजारातून दावं तोडून पळते आणि पानापानावर कुठं कुठं शिरते. मी ते घेणार नव्हते, वाटलं यात वाचायचं काय, पण लेकीनं सोडलं नाही म्हणून आणलं.

घरी आलो तर सासूबाई सकाळी वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, उलटवून नुकत्याच आत येऊन कूलरसमोर टेकल्या होत्या. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत, अहिराणी बोलतात, बँकेत अंगठा लावतात. लेक पुस्तक घेऊन थेट त्यांच्या मांडीवर. त्या म्हणाल्या, "माले कोठे वाचता येस व!" लेक म्हणाली, "आजी, याच्यात अक्षरंच नाहीत." सासूबाईंनी चष्मा लावला, पहिलं पान नीट बघितलं, मग बोट ठेवून सुरू केलं, "हाई देख व माय, बकरी दावं तोडीसन पळी गयी. आते तिना मालक तिले कोठे धुंडी?" आणि जी गोष्ट सुरू झाली ती अर्धा तास. शेळीला त्यांनी नाव दिलं, मालकाला बायको दिली, शेळी ज्या दुकानात शिरते तिथल्या दुकानदाराचं आणि मालकाचं जुनं भांडण लावून दिलं, मधेच त्यांच्या लहानपणी त्यांची शेळी हरवली होती आणि आख्खं गाव शोधत होतं ती हकीकत आली. मी दारात उभी होते, हातातलं काम तसंच. या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी पुस्तक वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी लेकीनं तीच गोष्ट मला सांगितली, अर्धी मराठीत अर्धी अहिराणीत, "आते ती घर जाई ऱ्हायनी" असं अगदी आजीच्या सुरात. शाळा सेमी इंग्लिश, घरात आम्ही दोघं तिच्याशी पुस्तकी मराठी बोलतो, अहिराणी तिला कळायची पण तोंडात नव्हती. ती आली एका बिनशब्दांच्या पुस्तकामुळं. मला याचं अजून नवल वाटतं.

अजून एक गंमत झाली. एका पुस्तकात केळीची बाग काढलेली, माझं माहेर रावेरकडचं, दर सुट्टीत मामाच्या केळीच्या बागेत लेकीचं बागडणं असतं. ती त्या चित्राकडं खूप वेळ बघत बसली आणि म्हणाली, आई हे चुकलंय. मी म्हटलं काय चुकलं, तर म्हणे, केळी खाली नसतात बघत, वर बघतात. आणि खरंच, घड झाडाला लटकतो खाली पण त्यातली केळी वळून वर तोंड करून असतात, खाली टोकाला केळफूल असतं. चित्रात सगळी केळी खाली लोंबत होती आणि केळफूल नव्हतंच. छापील पुस्तकातही चूक असू शकते आणि ती आपण पकडू शकतो हे साडेचार वर्षांच्या पोरीला कळलं, तेव्हापासून ती प्रत्येक चित्र कोपऱ्यापर्यंत बघते.

बोधकथांची पुस्तकं मी मुद्दाम घेत नाही. त्यांचं शेवटी तात्पर्य येतं आणि तिथं गोष्ट मरते, पोराला पुढचं काही विचारावंसं वाटत नाही. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकेल.

फोनवरही आहेत म्हणा, प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर 2015 पासून आहे, मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात, प्रिंटसुद्धा काढता येते. आम्ही प्रवासात वापरतो, चांगलंच आहे. पण फोनवर लेक पान सरकवत सुटते, कागदाचं पान मात्र मागं नेते, पुन्हा बघते, शेळी आधी कुठं होती ते तपासते. आणि सासूबाई फोनला हात लावत नाहीत.

आता तक्रारी, त्या सांगितल्याच पाहिजेत. पहिली बाइंडिंगची. पुस्तक फाटू नये म्हणून वाचनालयानं जाड पुठ्ठा घालून कडेनं दाबून शिवून घेतलंय, हेतू चांगला, पण चित्रांच्या पुस्तकात चित्र दोन्ही पानांवर पसरलेलं असतं आणि मधला भाग शिवणीत जातो. एका पुस्तकात हत्तीची सोंड एका पानावर, पोट दुसऱ्या पानावर आणि डोळा शिवणीत गेलाय. लेक बोटानं पान फाकवून डोळा शोधत होती. नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर घातलं तरी भागेल. दुसरं म्हणजे शिक्का. वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का ठरलेल्या पानांवर मारतात, मधे काय चित्र आहे ते न बघता, एका वाघाच्या बरोबर तोंडावर बसलाय. जरा कोपऱ्यात मारा ना.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी होती. एका वर्गणीवर एक पुस्तक, मग ती पाचशे पानांची कादंबरी असो नाहीतर सोळा पानांचं चित्रांचं पुस्तक. सोळा पानांचं पुस्तक रिक्षात घरी जातानाच संपतं. तीन आठवडे मी दर दोन दिवसांनी फेरी मारली, मग ग्रंथपाल काकांनाच सांगितलं, ते म्हणाले लेखी द्या, कार्यकारी मंडळापुढं ठेवतो. दिलं. आता बालसभासदाला एकावेळी तीन मिळतात. कपाटाचं कुलूप मात्र अजून आहे, चावी मागावी लागते, पोरं स्वतः मागत नाहीत, लाजतात.

मागणी वहीत नोंद करा हे मी सगळ्या ओळखीच्या आयांना सांगतेय. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं आपल्याकडं सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग आहेत आणि त्यानुसार सरकारी अनुदान येतं, त्यातून पुस्तकं घेतात. पण काय घ्यायचं ते मागणी बघून ठरतं, आणि वहीत नुसत्या कादंबऱ्या आणि परीक्षांची पुस्तकं लिहिलेली असतील तर तीच येणार. मी सहा नावं लिहिली, दिवाळीपर्यंत त्यातली चार आली.

वर्गणी महिन्याला वीस रुपये, अनामत शंभर, ती परत मिळते. सोमवारी बंद, संध्याकाळी साडेचार ते साडेसात उघडं, सकाळीही असतं पण शाळेमुळं जमत नाही. पंखे आहेत, पाण्याचा माठ आहे, पोरांना बसायला वेगळी जागा नाही, फरशीवर बसावं लागतं पण कुणी हटकत नाही. पुस्तकांना पाच तारे, ग्रंथपाल काकांनाही पाच, शिवणीला आणि कुलपाला दोन.

शेळीचं पुस्तक आम्ही नंतर पुन्हा आणून तीनदा मुदत वाढवून ठेवलं होतं, काल शेवटी परत केलं. आज सकाळी सासूबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "आते कोनतं पुस्तक लई येशी?" आणि मग सांगितलं की गायीचं मिळालं तर बघ, पण अक्षरं नसलेलंच आण.