जाहिरात खरी होती

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना विचारा, एप्रिल लागला की पोटात कसा गोळा येतो. कॉलेजला सुट्टी लागते, तशी मानधनालाही. मी वनस्पतिशास्त्राची, प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झालेली, नाशिकच्या सिडकोत राहणारी. अशात ग्रुपवर एका विद्यापीठाची जाहिरात आली: संशोधन प्रकल्पात ज्युनिअर रिसर्च फेलो (जेआरएफ), महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता.

आकडा बरोबर होता, तिथेच फसले. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२३ मध्ये जेआरएफचे ३१ हजारांचे ३७ हजार केले, हे मला ठाऊक होतं. साठ हजार लिहिले असते तर मीच हसले असते.

अर्ज मेलने मागवला होता. मुलाखत गूगल मीटवर, समोरचे तिघेही कॅमेरा बंद करून बसलेले. शोधप्रबंधाचा विषय विचारला, 'व्हेरी गुड' म्हणाले आणि संपलं. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची चाचणी, कशावरच एक प्रश्न नाही. खऱ्या पॅनेलने घाम काढला असता. मी मात्र खूश! नेमणुकीचं पत्र आलं, गोल शिक्का, जावक क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. रविवार कारंजावरून पेढे आणले.

मग कागदपत्र पडताळणीचे १,१८० रुपये. हजारावर १८ टक्के जीएसटी, इतका चोख हिशेब की शंकाच येऊ नये. दोन दिवसांनी 'परत मिळणारी अनामत' १४,५००. "मॅडम, फाइल कुलसचिवांच्या टेबलावर आहे, आज भरलेत तर सोमवारी रुजू." क्यूआर कोड स्कॅन केल्यावर विद्यापीठाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. भाजीवाल्याला वीस रुपये देताना मी नाव वाचते; इथे वाचलं आणि तरी पिन टाकला. लेखाधिकारी असतील, म्हटलं.

तिसरी मागणी लॅपटॉपच्या विम्याची आली, तेव्हा भावाने मेलचा पत्ता मोठा करून दाखवला. विद्यापीठाचा पत्ता 'डॉट एसी डॉट इन' असा संपतो, आणि हे शेपूट फक्त शैक्षणिक संस्थांनाच मिळतं. माझ्या मेलमध्ये 'एसी' आणि 'इन'च्या मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ होती, पुढे 'डॉट कॉम'.

त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, व्यवहाराची ओळख पटवणारा यूटीआर क्रमांक दिला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पण अनामत जाऊन चार दिवस झाले होते. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात अडवता येतात. माझे तोवर निघून गेले होते. आधार आणि पॅनच्या प्रतीही त्यांच्याकडेच आहेत, तो घोर वेगळाच.

विद्यापीठात फोन केला. आस्थापना विभागातल्या बाईंनी जाहिरात क्रमांक ऐकला आणि म्हणाल्या, "क्रमांक आमचाच, ताई. पण ती जागा फेब्रुवारीतच भरली." चोरांनी नुसती तारीख आणि मेल बदलला होता. मूळ जाहिरात मग संकेतस्थळावर जाऊन वाचली. अर्जाला शुल्क नाही, मुलाखत प्रत्यक्ष, आणि पात्रता तंतोतंत माझी.