नेनचा हिवाळा: सरपण की स्टोव्ह ऑइल, आणि सरपण तर कोणतं?

कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर सगळ्यात उत्तरेला असलेलं कायम वस्तीचं गाव म्हणजे नेन, इनुइट लोकांच्या नुनात्सियावुट प्रदेशातलं. अक्षांश सुमारे ५६.५ उत्तर. गावाला रस्ता नाही. उन्हाळ्यात हॅपी व्हॅली-गूज बेहून बोट येते, एरवी छोटं विमान. जानेवारीचं सरासरी तापमान उणे १७-१८ अंशांच्या आसपास असतं. इथे घर लावणाऱ्याला किंवा जुना स्टोव्ह बदलायला निघालेल्याला आधी ठरवावं लागतं की भर तेलावर द्यायचा की लाकडावर. लाकूड ठरलं तर पुढचे प्रश्न लगेच येतात: कोणतं लाकूड, कुठून आणायचं आणि कशात जाळायचं?

विजेचा विचार लवकर संपतो. गावाची वीज डिझेल जनरेटरवर चालते. ठरावीक युनिटांपर्यंत दर सवलतीचा असतो, पुढे तो चढतो. विजेच्या हीटरवर अख्खं घर तापवायला गेलात तर सवलत पहिल्या थंड आठवड्यांतच संपते.

एका कॉर्डची किंमत तेलात

इथे लाकूड कॉर्डने मोजतात. ४ फूट उंच, ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब रचलेला ढीग म्हणजे एक कॉर्ड, सुमारे ३.६ घनमीटर. सुक्या काळ्या स्प्रूसची (इथलं सुयांसारख्या पानांचं झाड) एक कॉर्ड साधारण ११०० किलो भरते. २० टक्के ओलाव्याच्या लाकडातून किलोमागे सुमारे १४.५ मेगाज्यूल उष्णता निघते. स्टोव्ह ७० टक्के कार्यक्षम धरला, तर त्या कॉर्डमधून घरात येणारी ऊब, तेलाच्या भट्टीतही थोडी ऊब वाया जाते हे धरून, साडेतीनशे ते चारशे लिटर स्टोव्ह ऑइलइतकी होते. म्हणजे २०५ लिटरचे जवळजवळ दोन ड्रम.

तीच कॉर्ड दार नीट न बसणाऱ्या जुन्या पत्र्याच्या स्टोव्हमध्ये ४५ टक्क्यांनी जळली, तर हिशेब अडीचशे लिटरच्याही खाली येतो. उरलेली ऊब धुराड्यातून बाहेर जाते, आणि तिच्यासाठी केलेल्या खेपाही तिच्याबरोबर वाया जातात.

आता खर्चाची बाजू. समजा जाऊन-येऊन ६० किलोमीटरची खेप आहे आणि भरलेला कोमाटिक ओढताना स्कीडूला १०० किलोमीटरला २५ लिटर पेट्रोल लागतं. (स्नोमोबाइल कोणत्याही कंपनीची असो, इथे तिला स्कीडूच म्हणतात. कोमाटिक म्हणजे तिच्यामागची लांब लाकडी घसरगाडी.) एका खेपेत कॉर्डचा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास माल येतो असं धरू. मग कॉर्डमागे तीन खेपा आणि ४५ लिटर पेट्रोल. करवतीचं इंधन आणि तेल धरून पन्नासेक लिटर. यात स्कीडूचा पट्टा, स्की आणि सस्पेन्शनची झीज आलेली नाही. ओझं ओढणाऱ्या यंत्राची झीज बरीच होते, ती वेगळी धरा.

पैशांत लाकूड स्पष्ट स्वस्त पडतं. दिवसांत मात्र ते महाग आहे. तीन खेपा म्हणजे तीन दिवस. सहा कॉर्ड हव्या असतील तर अठरा दिवस, आणि कापणं, फोडणं, रचणं त्यावर. प्रवासाजोगा बर्फ जानेवारी ते एप्रिल धरला तर हातात शनिवार-रविवारच्या सोळा-सतरा जोड्या येतात, त्यातले काही वादळात जातात. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या एकट्या माणसाने सहा कॉर्डचा बेत आखण्याआधी हा हिशेब कॅलेंडर समोर ठेवून करावा. घरात दोघं-तिघं हाताशी असतील तर हेच काम आवाक्यात येतं.

तेलाच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: टाकी भरली की काम संपलं. तेल उन्हाळ्यात जहाजाने येतं आणि हिवाळाभर साठ्यातून विकलं जातं. बाहेरच्या टाकीत कोणतं तेल आहे ते मात्र विचारून घ्या. दोन नंबरच्या फर्नेस ऑइलमध्ये कडक थंडीत मेण धरतं, बारीक नळी आणि फिल्टर तुंबतात आणि भट्टी नेमकी सगळ्यात थंड रात्री बंद पडते. एक नंबरचं, केरोसीनसारखं स्टोव्ह ऑइल तशा थंडीतही वाहतं. शिवाय तेलाच्या भट्टीचा बर्नर आणि पंखा विजेवर चालतो. वीज गेली की टाकी भरलेली असून घर थंड. लाकडाच्या स्टोव्हला वीज लागत नाही, आणि आमच्या मते लाकडाच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे.

उभं सुकं, हिरवं की किनाऱ्यावरचं

खरा फरक लाकडाच्या जातीपेक्षा त्यातल्या पाण्यात असतो. ४५ टक्के ओलाव्याचं लाकूड किलोमागे ९ मेगाज्यूलच्या आसपास देतं. कारण त्या किलोत मुळात लाकूडच कमी असतं, आणि त्यातलीही काही ऊर्जा स्वतःचं पाणी उकळण्यात जाते. म्हणजे कोमाटिकवर तुम्ही जवळजवळ निम्मं पाणी लादून आणता आणि वर ते तापवण्यासाठी लाकूड जाळता.

म्हणून जाणकार माणूस उभ्याने मेलेला स्प्रूस शोधतो. इथे त्याला नुसतं ‘ड्राय’ म्हणतात. ओळख सोपी आहे. खोड राखाडी पडलेलं असतं, साल सुटलेली असते आणि खोडावर उभ्या भेगा दिसतात. बोटाएवढी फांदी वाकवली तर कडकन मोडते. कुऱ्हाडीचा पाठीकडचा भाग खोडावर मारला की खणखणीत आवाज येतो. बद्द आवाज आला तर आत कूज आहे. बुंध्याशी ओल जास्त असते आणि शेंड्याकडे कमी, म्हणून बुंध्याचे तुकडे वेगळे रचावेत. आडवं पडलेलं झाड मोहात पाडतं, कारण पाडायचे कष्ट वाचतात. पण जमिनीला टेकलेलं लाकूड ओल धरतं, बहुतेक वेळा ते सोडून दिलेलं बरं. चांगलं ‘ड्राय’ त्याच आठवड्यात जाळता येतं, आणि पहिल्याच हिवाळ्यात उभ्या असलेल्या माणसाला दुसरा पर्यायही नसतो.

अडचण अंतराची आहे. नेन वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यापलीकडे झाडं वाढत नाहीत त्या सीमेच्या, काठावर आहे. मोकळ्या किनाऱ्यावर आणि बेटांवर झाडी विरळ, आत घुसलेल्या उपसागरांच्या आडोशाला दाट. गावात १७७१ मध्ये मोरावियन मिशन आलं, तेव्हापासून इथल्या चुली पेटत्या आहेत. जवळचा सुका माल सगळ्यात आधी उचलला जातो, त्यामुळे खेप लांबते.

हिरवं लाकूड जवळ मिळतं, हा त्याचा एकमेव फायदा. मार्च-एप्रिलमध्ये तोडून लगेच फोडा. गोठलेला स्प्रूस कुऱ्हाडीच्या एका घावात उघडतो, मे महिन्यात वितळल्यावर तोच चिवट होतो. ओंडके जमिनीपासून हातभर उंच पट्ट्यांवर रचा, फक्त वरून झाका आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळली तर किनाऱ्यावरच्या धुक्यात आत बुरशी धरते. एक उन्हाळा पुरेल या भरवशावर राहू नका, दोन धरा.

तमराक, ज्याला इथले लोक ‘जुनिपर’ म्हणतात, तो लार्चचा प्रकार आहे. कॉर्डमागे तो काळ्या स्प्रूसपेक्षा ठळक जास्त ऊब देतो आणि रात्रीचे निखारे टिकवतो. हिवाळ्यात त्याच्या सुया गळतात, त्यामुळे जिवंत झाडही मेल्यासारखं दिसतं आणि नवखा माणूस फसतो. फांदीची साल नखाने खरवडा: खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. जुनिपर ठिणग्या उडवतो, दार उघडं ठेवून जाळू नये.

समुद्रात भिजलेलं वाहत आलेलं लाकूड फुकट आणि दारात येतं, पण स्टोव्हमध्ये घालू नका. मिठातल्या क्लोरीनपासून जळताना हायड्रोजन क्लोराइड तयार होतो. तो पोलाद खातो, काही स्टोव्हमधला धूर जाळायला मदत करणारा उत्प्रेरक निकामी करतो, आणि धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात. अलास्कात युकॉनच्या मुखाशी गावं वाहत आलेल्या लाकडावर अवलंबून आहेत, पण तिथे ते गोड्या पाण्याच्या नदीतून येतं. ती तुलना नेनला लावू नये.

स्प्रूससारख्या मऊ लाकडाने धुराड्यात क्रिओसोट (धुरातून साचणारा काळा, चिकट, पेट घेणारा थर) जास्त धरतो, ही समजूत सगळीकडे ऐकू येते. ती चुकीची आहे. क्रिओसोट ओलं लाकूड आणि कोंडलेली हवा यांमुळे होतो, सुका स्प्रूस स्वच्छ जळतो.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र घेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोठलेल्या लाकडावर ते खोटा कमी आकडा दाखवतं, कारण बर्फ त्याला पाण्यासारखा दिसत नाही. ओंडका घरात आणून पूर्ण वितळू द्या, मग फोडा आणि आतल्या ताज्या पृष्ठभागावर मोजा. २० टक्क्यांच्या आत हवा.

बर्फावरून आणताना

लाकडाची वाट समुद्राच्या बर्फावरून जाते. गोड्या पाण्याच्या स्वच्छ बर्फावर स्कीडूसाठी किमान १२-१५ सेंटिमीटर जाडी धरतात. समुद्राचा बर्फ खारेपणामुळे नरम असतो, तिथे त्याहून जास्त हवी, आणि मागे भरलेला कोमाटिक असेल तर आणखी. अरुंद खाडीत जिथे भरतीचा प्रवाह जोरात असतो, त्या जागांना ‘रॅटल’ म्हणतात. तिथे भर हिवाळ्यातही बर्फ पातळ राहतो, आणि वर पडलेलं हिम त्याला थंडीपासून झाकून आणखी पातळ ठेवतं. व्हॉइसीज बे खाणीची बर्फ फोडणारी जहाजं दक्षिणेच्या वाटेवर चर पाडतात, तो खूण केलेल्या जागीच ओलांडावा. बर्फाची जाडी मोजणाऱ्या ‘स्मार्टआइस’ची सुरुवात नेनमध्येच झाली. त्यांची माहिती पाहा, आणि गावातल्या वाट माहीत असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय पहिली खेप काढू नका.

कोमाटिकच्या आडव्या पट्ट्या दोरीने बांधलेल्या असतात, खिळ्यांनी नाही, म्हणजे खडबडीत बर्फावर सांगाडा लवचिक राहतो. मोडल्यावर खिळा ठोकून दुरुस्ती केलीत तर पुढच्या उंचवट्यावर लाकूड तिथेच चिरतं. ओंडके लांबीत, जाड टोक पुढे करून आणि खालच्या थरात जड माल ठेवून बांधा. पहिल्या किलोमीटरनंतर थांबून दोर पुन्हा आवळा, कारण माल बसतो आणि दोर सैल पडतो.

तीन स्टोव्ह

पहिला, ड्रमचा किंवा पत्र्याचा: स्वस्त आणि लवकर तापणारा. लाकूड मात्र दीडपट खातो. त्यावर प्रमाणपत्राची पाटी नसते, आणि कॅनडाच्या नियमांप्रमाणे अशा स्टोव्हभोवती जळाऊ भिंतीपासून १२०० मिलिमीटर मोकळी जागा लागते. छोट्या घरात तेवढी जागा देणं म्हणजे अर्धी खोली देणं.

दुसरा, उत्प्रेरक असलेला. मंद आचेवर रात्रभर स्वच्छ जळण्यात याचा हात कोणी धरणार नाही. उत्प्रेरक साधारण २६० अंशांना काम सुरू करतो. खारट किंवा रंगवलेलं लाकूड किंवा प्लॅस्टिक एकदा आत गेलं की तो बाद होऊ शकतो, आणि नवा मागवायचा म्हणजे विमानाची किंवा बोटीची वाट पाहायची.

तिसरा, उत्प्रेरक नसलेला, वरच्या नळ्यांतून दुय्यम हवा सोडणारा. खराब होण्याजोगे भाग थोडेच: दाराची फट बंद करणारी दोरीसारखी गॅस्केट, वरचा बॅफल (ज्वाळा अडवणारी आडवी फळी) आणि विटा. तिन्हींचा एक-एक जास्तीचा संच बोटीच्या हंगामातच मागवून ठेवा. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा. सहज निघाली तर गॅस्केट बदला. नेनसाठी आमची निवड हाच.

आकारात कंजुषी करू नका. दोन घनफुटांच्या जळणाच्या पेटीत स्प्रूस जेमतेम १० किलो मावतो. तो आठ तासांवर पसरला तर सरासरी साडेतीन किलोवॉटच्या आसपास मिळतात. तीन घनफुटांत १५ किलो, म्हणजे सव्वापाच किलोवॉट जवळपास. उणे २५ च्या रात्री ही पावणेदोन किलोवॉटची तफावत पहाटे तीनला उठावं लागतं की नाही ते ठरवते.

धुराडं

६५० अंशांच्या मानकाचं कारखान्यात बनलेलं धुराडं घराच्या आतून वर न्या. बाहेरच्या भिंतीवरून नेलं तर ते थंड राहतं, धूर १२० अंशांखाली आला की क्रिओसोट आत चिकटतो, आणि त्याला आग लागली की तापमान हजार अंशांवर जातं. छपरातून बाहेर पडल्यावर किमान ९० सेंटिमीटर, आणि तीन मीटरच्या आतल्या कोणत्याही भागापेक्षा ६० सेंटिमीटर उंच हवं. स्टोव्हपासून धुराड्यापर्यंतच्या एकेरी पत्र्याच्या नळीला भिंतीपासून ४५० मिलिमीटर अंतर, प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू, आणि चुण्यांचं टोक खाली, स्टोव्हकडे. ते उलटं बसवलं तर काळा रस सांध्यातून बाहेर गळतो. नळीवर चुंबकाचा तापमापक लावून १२० ते २४० अंशांत जाळा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालणाराच घ्या. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत घराबाहेर ठेवा, तिच्यातले निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात.

कोणी काय घ्यावं

स्कीडू, करवत आणि आठवड्याला निदान एक मोकळा दिवस असेल, तर उभा सुका स्प्रूस आणि तीन घनफुटांचा साधा स्टोव्ह, जोडीला तेलाची भट्टी १२ अंशांवर ठेवलेली. म्हणजे खेप चुकली किंवा तुम्ही आजारी पडलात तर घरातले पाण्याचे नळ गोठत नाहीत. वर्षा-दोन वर्षांच्या नोकरीवर आलेल्या माणसाने मुख्य भर तेलावर द्यावा आणि वीज जाईल तेव्हासाठी दोन कॉर्ड लाकूड गावातल्या कुणाकडून विकत घ्यावं. पाठ धड नाही, बर्फाची वाट माहीत नाही आणि सोबत येणारं कोणी नाही, अशा माणसाने लाकूड स्वतः आणायला जाऊच नये.

सरपण निवडलंत तर पहिल्या वर्षी शेवटच्या खेपा एप्रिलमध्येच काढा, घरात अजून दोन कॉर्ड उरलेल्या असल्या तरी. बर्फ गेल्यावर नव्या बर्फाची वाट जानेवारीपर्यंत पाहावी लागते, आणि ऑक्टोबरपासून स्टोव्ह रोज पेटवावा लागतो.